बाळोते आणि मेणकापड : तान्ह्या मुलांच्या वस्त्राच्या इतिहासातील दोन शतके

१

इतिहासाची साधने सर्व विषयांस सारखीच अनुकूल असतात असे नाही. राज्यकारभार, लढाया आणि तह यांची दप्तरे जपली जातात. घरातील नित्याच्या वस्तूंची नोंद ठेवण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तान्ह्या मुलाच्या कमरेस गुंडाळावयाचे कापड ही तर अशा वस्तूंतही अगदी खालच्या पायरीवरची वस्तू होय. संग्रहालयांत राजघराण्यांतील मुलांची जरीची अंगडी-टोपडी पाहावयास मिळतात, परंतु त्यांच्या आत वापरलेले लंगोट क्वचितच राहिले आहेत. ते धुऊन धुऊन विरले आणि अखेरीस चिंध्या होऊन नाहीसे झाले.

तथापि हा इतिहास अगदीच निराधार नाही. या वस्तूंना लोकांनी दिलेली नावे, डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेले विकार आणि कल्पक माणसांनी मिळविलेली पेटंटे अशी तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. ती एकत्र मांडली असता असे दिसून येते की, तान्ह्या मुलाच्या ओलाव्याची व्यवस्था दोन क्रियांनी केली जाते : टिपणे आणि अडवणे. टिपण्याचे काम सुती किंवा लिननच्या कापडाचे. अडवण्याचे काम मेण, तेल, लोकर, रबर अथवा प्लॅस्टिक यांच्या आवरणाचे. पहिली क्रिया मुलाच्या सुखाची आहे. दुसरी मुख्यतः अंथरुणाच्या, मुलाला मांडीवर घेणाऱ्याच्या आणि धुणे धुणाऱ्याच्या सोयीची आहे. गेल्या दोन शतकांतील महत्त्वाचे फेरफार बहुतांशी या दुसऱ्या क्रियेत झाले, आणि त्या प्रत्येक फेरफाराबरोबर कोणाचा तरी त्रास कमी होऊन तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यास गेला. जलरोधक आवरणाची वाढ प्रामुख्याने इंग्लंड आणि अमेरिका या देशांत झाली असल्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः त्या देशांविषयी आहे. महाराष्ट्रातील परिपाठाचा विचार तुलनेसाठी व परिणामांच्या संदर्भात केला आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. अमेरिकेत रूढ असलेला ‘डायपर’ हा शब्द मूळचा मुलांच्या वस्त्राचा नव्हे. मध्ययुगीन ग्रीक भाषेतील ‘शुभ्र’ या अर्थाच्या शब्दापासून तो लॅटिन आणि जुन्या फ्रेंच भाषांच्या मार्गाने इंग्रजीत आला. प्रारंभी तो मौल्यवान वस्त्राचा वाचक होता. पुढे बारीक चौकटींच्या विणीचे लिनन असा त्याचा अर्थ झाला. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकात हा शब्द हात पुसण्याच्या रुमालासाठी आला आहे. अशा विणीचे कापड पाणी चांगले टिपते म्हणून ते मुलांसाठी वापरले जाऊ लागले आणि विणीचे नाव वस्त्राला मिळाले.

इंग्लंडमधील ‘नॅपकिन’ आणि त्यापासून विसाव्या शतकात रूढ झालेला ‘नॅपी’ या शब्दांची कथा अशीच आहे. त्यांच्या मुळाशी लॅटिन ‘मप्पा’ हा शब्द आहे. त्याचे फ्रेंचमध्ये मेजावरील चादरीच्या अर्थाने ‘नाप’ असे रूप झाले आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘नॅपकिन’ सिद्ध झाला. नकाशाचा वाचक ‘मॅप’ हा शब्दही त्याच मप्पाचा वंशज होय. या दोहोंच्या आधी इंग्रजीत ‘क्लाउट’ म्हणजे फडका हा साधा देशी शब्द वापरात होता. चिंधीचे नाव मागे पडून भोजनाच्या मेजावरील वस्त्राचे नाव पुढे आले, यात घरातील अशुचि वस्तूला सभ्य नाव देण्याची प्रवृत्ती दिसते.

मराठीची तऱ्हा वेगळी आहे. ‘बाळोते’ हे नाव ज्याच्यासाठी ते वस्त्र असते त्या बाळावरून पडले आहे. ‘लंगोट’ हे नेसण्याच्या प्रकारावरून आणि ‘दुपटे’ हे पदरांच्या संख्येवरून. यांतील एकही नाव बाजारातील विशिष्ट कापडाचे नाही, आणि त्यास कारणही आहे. मराठी घरात बाळोती विकत आणण्याची रीत नव्हती. जुने धोतर किंवा वापरून मऊ झालेले लुगडे फाडून ती केली जात. नवे कापड खरखरीत आणि कमी टिपणारे, तर शंभर वेळा धुतलेले सूत मऊ आणि पाणी लवकर ओढून घेणारे. हा अनुभव त्या रीतीच्या मुळाशी होता.

आवरणाच्या नावांतही असाच इतिहास साठला आहे. ‘पिल्च’ हा जुना इंग्रजी शब्द लॅटिनमधील कातड्याच्या वाचक शब्दापासून आला. प्रथम तो केसाळ कातड्याच्या झग्यासाठी वापरीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो मुलाच्या लंगोटावर बांधावयाच्या फ्लॅनेलच्या त्रिकोणी आवरणाला लागू झाला. विसाव्या शतकात ‘पिल्चर’ या रूपाने तो प्लॅस्टिकच्या चड्डीसाठी वापरला गेला. वस्तू दोनदा पालटली, पण ‘बाहेरचे आवरण’ हा अर्थ शब्दाने सोडला नाही.

३

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात तान्ह्या मुलांस लांब पट्ट्यांनी आवळून बांधण्याची चाल होती. असे बांधलेले मूल सोडून स्वच्छ करणे वेळखाऊ असल्याने ते वारंवार होत नसे. इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम कॅडोगन यांनी १७४८ साली शिशुसंगोपनावरील आपल्या निबंधात या चालीवर टीका केली, आणि १७६२ साली रूसो यांनी ‘एमील’ या ग्रंथात तिचा निषेध केला. पट्टे गेले, मुलाचे हातपाय मोकळे झाले. पण पट्ट्यांचे जाड थर जो ओलावा अडवीत असत, तो आता कशाने अडवावयाचा, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. लंगोट आणि त्यावर फ्लॅनेलचे पिल्च ही जोडी त्या प्रश्नाचे पहिले उत्तर होती.

एकोणिसाव्या शतकात या जोडीला दोन पूरक साधने मिळाली. १० एप्रिल १८४९ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांस सेफ्टीपिनेचे पेटंट मिळाले. त्याचे हक्क त्यांनी ४०० डॉलरांस विकले. उघड्या टोकाची टाचणी किंवा बंद यांच्या जागी झाकलेल्या टोकाची पिन आल्यामुळे लंगोट घट्ट बसू लागला. दुसरे साधन म्हणजे ज्यास मराठीत आजही टर्किश टॉवेल म्हणतात ते फासेदार विणीचे कापड. तुर्कस्तानातील नमुन्यावरून इंग्लंडच्या ख्रिस्टी घराण्याने ते यंत्रावर विणविले आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडले. त्याचे चौकोनी तुकडे पुढे ब्रिटिश घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लंगोट म्हणून वापरले गेले. हे कापड भरपूर टिपते. मात्र ते जाड असल्याने वाळण्यास फार वेळ घेते, आणि इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात तर स्वयंपाकघरातील शेगडीभोवती वाळत टाकलेल्या लंगोटांच्या रांगा हे घरोघरचे दृश्य असे.

४

अडवणाऱ्या आवरणात खरी क्रांती केली ती रबराने. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांमध्ये विरघळविलेल्या रबराचा थर देऊन जलरोधक कापड तयार केले. ते थंडीत कडक आणि उन्हात चिकट होई. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची कृती शोधून १८४४ साली तिचे पेटंट घेतले, आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी त्याच सुमारास तसेच पेटंट मिळविले. तेव्हापासून रबरी कापड सर्व ऋतूंत वापरण्याजोगे झाले.

भारतीय रुग्णालयांतून परिचारिका रबरी चादरीला ‘मॅकिंटॉश’ म्हणतात, तो या ग्लासगोच्या रसायनज्ञाच्या नावाचाच अवशेष होय. याहून विलक्षण प्रवास ‘जॅकोनेट’ या शब्दाचा आहे. ‘जगन्नाथी’ या नावाचे सुती कापड पुरीच्या परिसरातून इंग्लंडात जाई. त्याचे इंग्रजी रूप जॅकोनेट असे झाले. पुढे शस्त्रवैद्यकात रबराचा पातळ थर दिलेल्या कापडालाही जॅकोनेट म्हणू लागले. हवेशीर आणि पाणी टिपणाऱ्या भारतीय सुती कापडाचे नाव अशा रीतीने पाणी व हवा दोन्ही अडवणाऱ्या पटलावर जाऊन बसले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जलरोधक पटल दोन ठिकाणी वापरता येते : मुलाच्या खाली किंवा मुलाच्या अंगाभोवती. महाराष्ट्रात मेणकापड गोधडीवर अंथरीत, त्यावर दुपटे आणि त्यावर मूल, अशी मांडणी असे. पटल अंथरुणाचे रक्षण करी, पण मुलाच्या कातडीला ते वेढून टाकीत नसे. झोळीत निजविलेल्या मुलाच्या बाबतीत तर पटलच नसे. ओलावा कापडातून गळून खालच्या सारवलेल्या जमिनीत जिरे. उष्ण हवा, पातळ कापड आणि लवकर वाळणारे धुणे यांमुळे ही व्यवस्था चालू शकली. बाळोते ओले झाले की मूल रडे आणि ते बदलावे लागे. म्हणजे ओल लपून राहत नसे.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र पटल अंथरुणावरून उठून मुलाच्या अंगावर आले. गालिचे, गाद्यांच्या खुर्च्या, बाबागाडी आणि परक्यांच्या घरी जाणेयेणे यांमुळे ओलावा कोठेच दिसता कामा नये, अशी अपेक्षा निर्माण झाली. रबरी चड्डीने ती पूर्ण केली. पण ओल दिसेनाशी झाली तरी ती नाहीशी झाली नव्हती. ती चड्डीच्या आत, कातडीला लागून राहिली.

५

याचे परिणाम वैद्यकीय वाङ्मयात उमटलेले आहेत. कापडही सर्वस्वी निरुपद्रवी नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. १८८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नवजात अर्भके एकाएकी निळी पडल्याची हकिगत प्रसिद्ध झाली. लंगोटांवर खूण करण्यासाठी मारलेल्या शिक्क्याच्या शाईतील अ‍ॅनिलीन हे द्रव्य कातडीतून रक्तात गेले होते. शिक्का मारल्यावर कापड धुऊन मगच वापरणे एवढाच त्यावर उपाय होता. तान्ह्या मुलाची कातडी ही भिंत नसून दार आहे, हा धडा त्यातून मिळावयास हवा होता. तो पुढे पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

१९२१ साली जे. व्ही. कुक या अमेरिकन डॉक्टरांनी लंगोटाच्या जागी येणाऱ्या पुरळाचा अभ्यास करून, ओल्या कापडातील जंतू लघवीपासून अमोनिया तयार करतात, असे दाखविले. लंगोट उकळून जंतू मारावे आणि जंतुनाशक द्रव्यात खळबळून काढावे, हा उपदेश यानंतर दृढ झाला. पुढील संशोधनात अमोनियाचे महत्त्व कमी ठरले. सततची ओल, घर्षण आणि विष्ठेतील पाचक द्रव्ये ही कारणे अधिक महत्त्वाची मानली गेली. परंतु कोणतेही कारण धरले तरी बंदिस्त आवरणाने ते बळावते, यात फरक पडला नाही.

उकळण्याच्या या उपदेशाचा भार अर्थातच स्त्रीवर पडला. खरवडणे, भिजविणे, उकळणे, पिळणे, वाळविणे आणि घड्या घालणे हे काम दररोजचे होते. सुस्थितीतील घरांत ते मोलकरणीकडे असे. महाराष्ट्रातही सोयराच्या दिवसांतील धुणे सुईण, परीट अशा ठरलेल्या लोकांकडे जाई. त्यात अशौचाच्या कल्पनेचा वाटा मोठा होता. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकांत मळके लंगोट घरून नेऊन धुतलेले परत आणून देणाऱ्या धुलाईसंस्था शहरांतून वाढल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात स्त्रिया कारखान्यांत जाऊ लागल्यावर त्यांची गरज अधिकच भासली.

त्याच युद्धाने रबराचे पर्व काही काळ थांबविले. १९४२ साली मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि नैसर्गिक रबराचा पुरवठा बहुतांशी तुटला. रबरी चड्ड्या दुर्मिळ झाल्या, तेव्हा लोकरीची विणलेली आवरणे पुन्हा पुढे आली. अमेरिकेत त्यांना ‘सोकर’ म्हणत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल ओढून घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्यातून हवा खेळते. ती पाणी पूर्णपणे अडवीत नाही, हाच तिचा दोष आणि हाच तिचा गुण. टंचाईमुळे परत आलेले हे साधन टंचाई संपताच बाजूस पडले.

६

युद्धोत्तर काळात तीन व्यक्तींच्या प्रयत्नांनी या वस्त्राचे स्वरूप पालटले. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन गृहिणीने १९४६ साली न्हाणीघरातील पडद्याचे कापड शिवणयंत्रावर शिवून एक आवरण तयार केले. नंतर त्यासाठी हवाई छत्रीचे नायलॉन वापरून आणि सेफ्टीपिनेऐवजी दाबाची बटणे लावून तिने त्याला ‘बोटर’ हे नाव दिले. १९४९ साली ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विक्रीस आले, जून १९५१ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याचे हक्क दहा लाख डॉलरांस विकले गेले. या आवरणाचे वैशिष्ट्य असे की, आत कापडी लंगोटच होता. टिपणे आणि अडवणे ही कामे अजून वेगळी होती.

इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी १९४७ साली तिसऱ्या अपत्याच्या वेळी धुण्याला कंटाळून दुसरा मार्ग काढला. नायलॉनचे आवरण धुऊन पुन्हा वापरावयाचे आणि आतील कापूस व कागदाच्या लगद्याची घडी फेकून द्यावयाची, अशी ‘पॅडी’ची योजना होती. सैनिकी अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी त्यांनी अशी शेकडो आवरणे घरी शिवली, आणि १९४९ साली चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन कंपनीने उत्पादन हाती घेतले. येथे टिपणारे वस्त्र वस्त्रपण गमावून वापरून टाकण्याची वस्तू बनले.

तिसरी पायरी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील रसायन-अभियंते व्हिक्टर मिल्स यांच्या गटाची. त्यांच्या पहिल्या नमुन्यात प्लॅस्टिकच्या चड्डीत टिपणारी घडी घालावयाची होती. टेक्सास राज्यातील डॅलस येथे उन्हाळ्यात त्याची चाचणी घेतली, तेव्हा मुलांना घामोळे आले आणि नमुना मागे घ्यावा लागला. उष्ण हवेत बंदिस्त आवरण कसे वागते, याचा हा बोलका पुरावा होय. पुढील नमुन्यात दोन्ही थर एकत्र जोडले गेले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये ‘पँपर्स’ या नावाने पिओरिया शहरात दहा सेंटला एक या दराने तो विकण्यास आला. दर जास्त असल्याने विक्री बेताची झाली. किंमत उतरल्यावर ती वाढली. टिपणे आणि अडवणे या क्रिया आता एकाच वस्तूत विलीन झाल्या.

धुण्याचा भार हलका झाल्याबरोबर मुलाला लंगोटातून सोडविण्याची घाईही कमी झालेली दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकन मातांना पहिल्या वर्षातच शौचाची सवय लावण्याचा उपदेश होत असे. १९६२ साली डॉ. ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या निरीक्षणावरून मुलाच्या कलाने जाण्याचा पुरस्कार केला. त्या मुलांना दिवसा ही सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयात लागली होती. हा बदल केवळ वस्त्रामुळे झाला असे म्हणता येणार नाही. परंतु हाताने उकळून धुणाऱ्या पिढीला हा उपदेश परवडला नसता, हेही तितकेच खरे.

७

जलरोधक आवरणाच्या धोक्याचे सर्वांत गंभीर पुरावे मात्र यापुढचे आहेत. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरातील एका नवजात-कक्षात नऊ अर्भके घामाने निथळून, धाप लागून आजारी पडली. त्यांपैकी दोन दगावली. धुलाईच्या शेवटच्या पाण्यात बुरशी येऊ नये म्हणून पेंटाक्लोरोफेनॉलचे लवण घातले जात होते आणि ते लंगोट व चादरींतून मुलांच्या अंगात गेले होते. १९८० साली ब्वेनोस आयरेस येथे लंगोट धुऊन देणाऱ्या एका संस्थेने पाऱ्याचे बुरशीनाशक वापरल्यामुळे हजारो अर्भकांचा पाऱ्याशी संपर्क आला. ओले कापड आणि त्यावर घट्ट बसणारी अभेद्य चड्डी यांमुळे तो पारा कातडीतून अधिक प्रमाणात आत गेला. शिक्क्याच्या शाईपासून शंभर वर्षांच्या आत हा धडा तिसऱ्यांदा मिळाला. कापड धुणारा हात घरापासून जितका दूर जातो, तितके त्या पाण्यात काय घातले आहे हे आईला कळण्याचे साधन कमी होते.

१९८० नंतरच्या दशकात आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट वापरात आले आणि टाकाऊ लंगोट पातळ व कोरडे झाले. कातडी कोरडी राहिल्याने पुरळ कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या बाजूस कापडी लंगोटही बदलले : पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेली, बटणांची आणि मापात बदल करता येणारी आवरणे निघाली, आणि पिन गेली.

या दोहोंत पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले कोणते, याचे उत्तर वस्तूपेक्षा रीतीवर अवलंबून आहे. इंग्लंडच्या पर्यावरण-संस्थेच्या २००८ च्या अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा हरितगृहवायूंचा भार टाकाऊ लंगोटांसाठी सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांसाठी सुमारे ५७० किलो धरला होता. पण यंत्र पूर्ण भरून धुणे, दोरीवर वाळविणे आणि तेच लंगोट दुसऱ्या अपत्यासाठी वापरणे, एवढे केल्यास कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, असेही त्यात नमूद होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचा भार टाकाऊपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. दोरीवर वाळविणे आणि धाकट्या भावंडासाठी ठेवून देणे, या गोष्टी मराठी घरांना शास्त्राने सांगाव्या लागल्या नव्हत्या.

१९९० नंतर टाकाऊ लंगोट भारतातील शहरांत आले आणि मराठीत ‘डायपर’ हाच शब्द स्थिरावला. घरातील धुणे कमी झाले; पण तो मळ नाहीसा झाला नाही. तो कचऱ्यात गेला, आणि पुण्यासारख्या शहरात तो कचरा हाताने निवडणाऱ्या स्त्रियांच्या हाती गेला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यावेत, असे सांगावे लागले. अशा पुडीवर लाल ठिपका काढावा, म्हणजे ती उघडावी लागणार नाही, असा आग्रह याच सुमारास पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या संघटनेने धरला. हा लाल ठिपका या विषयाच्या साधनसामग्रीत महत्त्वाचा मानला पाहिजे. बाळोते धुणाऱ्या परटिणीने किंवा मोलकरणीने असा कोणताही लेख मागे ठेवलेला नाही.

या सर्व घटनाक्रमावरून एवढे म्हणता येईल की, टिपण्याचे काम सुताने केले, लोकरीने केले किंवा रसायनाने केले, तरी ते मोजता व सुधारता येते. अडवण्याचे काम मात्र ज्याची अडचण दूर करते, त्याच्या दृष्टीनेच आजवर मोजले गेले. ज्याच्या कातडीवर ते आवरण बसते ते मूल आणि ज्याच्या हाती त्याचा मळ शेवटी जातो ते माणूस, या दोघांचा हिशेब त्यात धरल्यावाचून बाळोत्याचा आणि मेणकापडाचा इतिहास पुरा होत नाही.